एका भूमिकेची पस्तीस वर्षं

नटाचं मोठेपण मोजायचं आपलं माप ठरलेलं आहे. त्यानं किती वेगवेगळी माणसं उभी केली, एका भूमिकेतून दुसरीत जाताना तो किती ओळखू येईनासा झाला, यावर आपण त्याची पारख करतो. मराठी रंगभूमीनं तर या मापाचा सोहळाच केला. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपं घेत आणि फिरत्या रंगमंचाइतकंच त्या पाच रूपांचंही प्रेक्षकांना अप्रूप वाटे. हे माप खोटं नाही. पण ते रंगभूमीवर तयार झालं, सिनेमानं ते फारशी चिकित्सा न करता उचललं, आणि टीव्हीवरच्या नटाला तेच लावलं की हिशेब चुकतो. पीटर फॉक हा अमेरिकन नट २३ जून २०११ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी गेला, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत त्याच्या नावाच्या आधी किंवा लगोलग दुसरं नाव आलं: लेफ्टनंट कोलंबो. चुरगळलेला रेनकोट, हातात सिगार, मोडकळीला आलेली गाडी आणि सतत काहीतरी विसरल्यासारखा चेहरा, असा हा लॉस एंजेलिस पोलिसांतला अधिकारी फॉकनं १९६८ ते २००३ या काळात ६९ भागांतून उभा केला. हा आकडा सांगताना सांगणाऱ्याच्या कौतुकात थोडी हळहळ मिसळलेली असते. एवढा चांगला नट, पण एकाच भूमिकेत अडकला. ही हळहळ मला अनाठायी वाटते. कोलंबो हेच फॉकचं मुख्य काम होतं, आणि ते इतकी वर्षं चाललं म्हणूनच त्याला खोली आली.

फॉक मुळात नट झालाच उशिरा. जन्म १९२७ चा, न्यूयॉर्क शहरातला. बालपण हडसन नदीकाठच्या ऑसिनिंग गावात, सिंग सिंगचा प्रसिद्ध तुरुंग जिथं आहे तिथं. तीन वर्षांचा असताना कर्करोगाच्या गाठीमुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि तिथं काचेचा डोळा बसला. शाळेतल्या बेसबॉलच्या सामन्यात पंचानं चुकीचं बाद दिलं म्हणून आपण तो डोळा काढून पंचाच्या हातात ठेवला, हा किस्सा तो पुढं मोठ्या चवीनं सांगायचा. तरुणपणी व्यापारी जहाजावर आचाऱ्याचं काम केलं. मग सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात, हार्टफर्ड इथं, सरकारी कामकाजाची कार्यक्षमता तपासण्याच्या नोकरीला लागला. संध्याकाळी हौशी नाटकं चालू होती. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलिएन या नामवंत अभिनेत्रीचे वर्ग चालत. ते व्यावसायिक नटांसाठी होते; हा गृहस्थ नट असल्याचं भासवून तिथं जाऊन बसायचा. नेहमी उशीर का होतो असं बाईंनी विचारलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. त्यांनी त्याला हाकलून देण्याऐवजी तू नट व्हायलाच हवंस असं सांगितलं, आणि १९५६ मध्ये त्यानं नोकरी सोडली. आपण जे नाही ते असल्याचं दाखवून मोठ्या माणसांच्या घोळक्यात शिरायचं, ही पुढं कोलंबोची रीत झाली. ती रीत नटाच्या आयुष्यात आधीच येऊन गेली होती, एवढं नोंदवावंसं वाटतं. त्याहून जास्त अर्थ मी त्यातून काढत नाही.

सिनेमानं त्याला सुरुवातीला दारातूनच परत पाठवलं. कोलंबिया स्टुडिओचे मालक हॅरी कोन यांनी, तेवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळेल, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं होतं, असं फॉक सांगत असे. १९६० च्या 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड'मध्ये त्यानं एब रेलिस हा भाडोत्री खुनी केला आणि सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवलं; पुढच्याच वर्षी 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स'साठी पुन्हा. दोन्ही वेळा पुरस्कार दुसऱ्यांना मिळाला. १९६५ मध्ये सीबीएस वाहिनीनं त्याला 'द ट्रायल्स ऑफ ओब्रायन' ही मालिका दिली. त्यात तो वकील होता: हुशार, पण अस्ताव्यस्त, जुगारी, कायम कर्जात. फॉकला हे काम फार आवडलं होतं. बावीस भागांनंतर मालिका बंद पडली. कोलंबोचं यश म्हणजे फॉकच्या मूळ स्वभावाला बरोबर बसलेला अंगरखा, असं जे सहज म्हटलं जातं, त्याला ओब्रायनचं उदाहरण छेद देतं. अस्ताव्यस्तपणा होता, बुद्धी होती, नटही तोच होता; तरी काही घडलं नाही. कमी होती ती रचनेची.

ती रचना रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाकडे होती, आणि फॉकच्या आधीपासून होती. १९६० मध्ये एका टीव्ही नाटकात बर्ट फ्रीड या नटानं कोलंबो केला. १९६२ मध्ये 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' हे रंगमंचीय नाटक झालं, त्यात तो थॉमस मिचेलनं केला. या पात्राचं मूळ लेखकांनी दोस्तोएव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या पॉर्फिरी पेत्रोविच या तपास अधिकाऱ्यात असल्याचं सांगितलं आहे. खून कोणी केला हे वाचकाला आधीच सांगायचं, ही पद्धत तर ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानं १९१२ च्या कथासंग्रहातच वापरली होती. नाटकावरून १९६८ मध्ये एनबीसीसाठी टीव्हीपट करायचं ठरलं, तेव्हा ली जे. कॉब आणि बिंग क्रॉसबी यांचा विचार आधी झाला होता. फॉक मागून आला. म्हणजे एकच पात्र, जवळपास तीच संहिता, आणि निरनिराळे नट: अभिनयाचं योगदान वेगळं काढून पाहायला इतकी सोयीची परिस्थिती क्वचित मिळते.

आता ही रचना नटाकडून काय मागते ते पाहू. नेहमीच्या रहस्यकथेत शेवटपर्यंत ताण टिकवायचं काम कोडं करतं. गुप्तहेर कंटाळवाणा असला तरी खुनी कोण हे कळल्याशिवाय आपण उठत नाही. 'कोलंबो'त पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत खून होतो, कोणी केला, कसा केला, का केला, सगळं आपल्यासमोर घडतं, आणि नायक त्यानंतर येतो. कोडं संपल्यावर आलेल्या माणसानं पुढचा तासभर प्रेक्षकाला धरून ठेवायचं आहे. खुनी बहुधा श्रीमंत, सुसंस्कृत आणि आत्मविश्वासानं भरलेला असतो: वाद्यवृंदाचा संचालक, शल्यविशारद, कलासमीक्षक, बुद्धिबळपटू, खुद्द पोलीस खात्यातला वरिष्ठ अधिकारी. या माणसाला हा बुटका, एका डोळ्यानं तिरका बघणारा, खिशात पेन्सिल शोधत बसणारा पोलीस क्षुद्र वाटतो, आणि त्या क्षुद्र वाटण्यातच त्याचा घात असतो. म्हणजे फॉकला दोन पातळ्यांवर एकाच वेळी खेळायचं होतं. खुन्यासाठी मूर्ख आणि आपल्यासाठी हुशार, तेही एकाच वाक्यात, एकाच हालचालीत. फार हुशार दिसला तर खुनी सावध होईल. फार मूर्ख दिसला तर आपला विश्वास उडेल. कोलंबो हा स्वतःच नट आहे, आणि प्रत्येक भागात नव्या प्रेक्षकासाठी नवं सोंग घेतो. मद्यनिर्मात्यासमोर तो शिकाऊ रसिक होतो, लेखकासमोर भाबडा वाचक, लष्करी अधिकाऱ्यासमोर आज्ञाधारक पोऱ्या. ६९ भागांत एकच भूमिका, हे मोजणं म्हणूनच वरवरचं आहे. हॅरी कोनना जो चेहरा पडद्याला नालायक वाटला होता, तोच इथं कामाला आला. खुनीही त्या चेहऱ्याबद्दल कोनसारखाच अंदाज बांधत होते.

१९६८ चा टीव्हीपट आणि १९७१ नंतरचे भाग शेजारी ठेवून पाहिले की या कामाची वाढ दिसते. टीव्हीपटातल्या कोलंबोचे केस विंचरलेले आहेत, कोट बराच स्वच्छ आहे, आवाजात धार आहे. जीन बॅरीनं केलेला मनोविकारतज्ज्ञ खुनी एका प्रसंगात कोलंबोचं पूर्ण विश्लेषण त्याच्या तोंडावर करतो: तुमच्याकडे रूप नाही, ऐट नाही, म्हणून ती उणीव तुम्ही गबाळेपणाच्या आड लपवून शस्त्रासारखी वापरता. आणि खुन्याच्या साथीदार मुलीला कोलंबो त्यात असा काही फैलावर घेतो की त्या क्षणी तो सरळ क्रूर दिसतो. संहितेनं इथं पात्राची गुरुकिल्ली उघड सांगून टाकली आहे, आणि अभिनयही त्या किल्लीबरहुकूम आहे. मुखवटा कुठं संपतो आणि चेहरा कुठं सुरू होतो ते स्पष्ट कळतं. पुढच्या काळात फॉकनं ही रेषा पुसत नेली. कोट त्याचा स्वतःचा होता, न्यूयॉर्कला पावसात सापडल्यावर विकत घेतलेला. प्यूजो ४०३ ही जुनी फ्रेंच गाडी त्यानंच स्टुडिओच्या आवारातून निवडली. कुत्रा द्यायची कल्पना मात्र त्याला आधी पसंत नव्हती, कारण त्याच्या मते कोलंबोकडे गमती पुरेशा होत्या. या विरोधातून त्याची दृष्टी कळते. त्याला पात्राला लकबी चिकटवायच्या नव्हत्या. जी लकब येईल ती तपासाचं हत्यार आहे की माणसाचा स्वभाव, हे प्रेक्षकाला सांगता येऊ नये अशी त्याची धडपड होती.

आणि ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कोलंबो सतत आपल्या बायकोबद्दल बोलतो, पण ती कधी दिसत नाही. भाचे, मेहुणे, चुलते निघतात, ते त्या वेळच्या खुन्याला गप्प करण्यापुरते असतात की खरोखर असतात, कळायला मार्ग नाही. पहिलं नाव विचारलं तर तो लेफ्टनंट असं सांगतो. (सुरुवातीच्या एका भागात त्याच्या ओळखपत्रावर फ्रँक असं लिहिलेलं दिसतं, चित्र थांबवून ते वाचणाऱ्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण त्यानं काहीच सिद्ध होत नाही.) १९७३ च्या 'अ स्टिच इन क्राइम'मध्ये लिओनार्ड निमॉयनं केलेला शल्यविशारद कोलंबोच्या संशयाला हसतो, आणि कोलंबो हातातलं पाण्याचं भांडं दाणकन टेबलावर आपटतो. आवाज चढतो, चेहरा बदलतो. हा राग खरा आहे का? समोरचा डॉक्टर तो खरा मानतो. तो खरा असावा असं आपल्यालाही वाटतं, कारण एका निरपराध नर्सचा जीव गेलेला आहे आणि दुसऱ्या माणसाचा जाणार आहे. पण कोलंबो इतक्यांदा खोटं वागलेला आपण पाहिला आहे की खात्री देता येत नाही. हा संशय एका दोन तासांच्या सिनेमात निर्माण होऊ शकत नाही. सिनेमाला शेवटी पात्र उलगडून दाखवावं लागतं, नाहीतर प्रेक्षक फसवल्यासारखा उठतो. टीव्हीवरचा नट पुढच्या भागावर भरवसा ठेवून आज हातचं राखू शकतो, वर्षानुवर्षं. फॉकनं ते इतकं राखलं की दीर्घ मालिकेच्या अखेरीलाही हा माणूस घरी गेल्यावर कसा असेल हे आपल्याला माहीत नाही, आणि तरीही आपण त्याला चांगले ओळखतो.

यावर पहिला आक्षेप लेखकांच्या बाजूनं येईल आणि तो वजनदार आहे. हे सगळं लेव्हिन्सन आणि लिंक यांचं श्रेय आहे, नटानं फक्त म्हणून दाखवलं. दारापर्यंत जाऊन परत वळायचं आणि आणखी एक गोष्ट राहिली म्हणायचं, ही कोलंबोची सर्वांत प्रसिद्ध खूण फॉकची नव्हतीच. नाटक लिहिताना एक प्रसंग तोकडा पडला, कोलंबो तर बाहेर गेला होता, आणि सगळं पान पुन्हा टंकायचा कंटाळा आला म्हणून त्याला परत आत आणलं, असं लिंक यांनी सांगितलं आहे. मालिकेचा पहिला नियमित भाग १५ सप्टेंबर १९७१ ला दाखवला गेला, तो लिहिला होता स्टीव्हन बॉचकोनं आणि दिग्दर्शन होतं चोविशीतल्या स्टीव्हन स्पीलबर्गचं. त्यातली दृश्यरचना आजही लक्ष वेधते. हे सगळं मान्य. पण याच संहितेचे आधीचे कोलंबो आज अभ्यासकांपलीकडे कोणाला आठवत नाहीत. आणखी एक पुरावा खुद्द एनबीसीनं दिला. फॉकचे भाग थांबल्यावर १९७९ मध्ये वाहिनीनं 'मिसेस कोलंबो' नावाची मालिका काढली, केट मलग्रूला घेऊन. मूळ लेखकांचा तिला विरोध होता. तेरा भागांत ती संपली, आणि मधल्या मधे तिचं नाव बदलून कोलंबोशी असलेला संबंधही पुसायचा प्रयत्न झाला. कोणी म्हणेल, ती कल्पनाच वाईट होती, त्यात फॉकचं काय? बरोबर, पण वाईट का होती ते पाहा. जी बाई न दिसण्यातच पात्राचं गूढ होतं, तिला दाखवायचं ठरवणाऱ्यांना ते पात्र नावात आणि कल्पनेत आहे असं वाटत होतं. ते नटानं राखलेल्या अंतरात होतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १९९२ मध्ये 'नो टाइम टू डाय' हा भाग एड मकबेनच्या कादंबरीवरून केला गेला. त्यात नेहमीची उलटी रचना नाही, घमेंडखोर खुनी नाही, एका नवरीच्या अपहरणाचा सरळ पोलिसी तपास आहे. फॉक तोच, कोट तोच, पण पात्र निर्जीव वाटतं, कारण ज्याच्यासमोर सोंग घ्यायचं तो माणूसच कथेत नाही. तेव्हा नटानं सगळं केलं असा माझा दावा नाही. रचनेनं एक रिकामी जागा ठेवली होती आणि ती भरायचं काम लेखणीच्या आवाक्याबाहेरचं होतं. बोलता बोलता खिसे चाचपणं, समोरच्याच्या घरातल्या एखाद्या वस्तूची किंमत विचारणं, यातलं पुष्कळसं फॉक चित्रीकरणाच्या वेळी ऐन वेळी घालायचा, म्हणजे समोरचा नट खरोखरच गोंधळेल. त्या चेहऱ्यांवरची चीड कित्येकदा अभिनय नसावी.

दुसरा आक्षेप टीव्हीच्या धंद्यावरचा आहे. पुनरावृत्तीला कला म्हणणं सोपं, पण मुळात तो कारखाना आहे. तेच ते विकलं जातं म्हणून तेच ते केलं जातं. बहुतेक मालिकांबाबत हे खरंच आहे. रेमंड बर या नटानं १९५७ ते १९६६ या नऊ वर्षांत 'पेरी मेसन'चे २७१ भाग केले, आणि त्या रेट्यात माणूस भूमिका घडवत नाही, हजेरी लावतो. (बरचा अनादर करायचा नाही, तशी हजेरी लावणंही येरागबाळ्याचं काम नव्हे.) 'कोलंबो' वाचली ती एनबीसीच्या एका व्यवस्थेमुळे. तिथं एकाच वेळेवर तीन मालिका आळीपाळीनं दाखवल्या जात, म्हणून फॉकला पहिल्या वर्षी सातच भाग करावे लागले, प्रत्येक दीड-दोन तासांचा. १९७८ पर्यंतच्या दहा वर्षांत सुरुवातीचे टीव्हीपट धरून ४५ भाग झाले. त्यातही तो एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा चित्रित करायला लावी, वेळापत्रक कोलमडे, आणि युनिव्हर्सल स्टुडिओशी त्याची भांडणं गाजत. ती पैशासाठीही होती. सत्तरच्या दशकात तो अमेरिकन टीव्हीवरच्या सर्वांत महाग नटांपैकी एक झाला. दिग्दर्शनासाठीही त्यानं स्टुडिओला वाकवलं आणि १९७२ चा 'ब्लूप्रिंट फॉर मर्डर' स्वतः दिग्दर्शित केला. हा हट्टीपणा आहे, अहंकारही असेल. पण कारखान्याची गती मंदावण्याइतकं बळ लोकप्रियतेनं हातात येतं, आणि ते बळ त्यानं बरंचसं कामावर खर्च केलं. दरवर्षी बावीस भाग करावे लागते तर माझा युक्तिवाद इथंच संपला असता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो त्याच्या दुसऱ्या कामाकडे बोट दाखवतो. जॉन कॅसाव्हेटीस या दिग्दर्शकाबरोबर त्यानं १९७० मध्ये 'हजबंड्स' आणि १९७४ मध्ये 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' केला. दुसऱ्यात तो बांधकाम मजुरांचा मुकादम निक आहे आणि जीना रोलंड्स त्याची बायको मेबल, जिचं मन हळूहळू ताब्यातून सुटत चाललं आहे. निकचं तिच्यावर प्रेम आहे. काय करावं ते त्याला समजत नाही, म्हणून तो ओरडतो, हात उगारतो, रात्रपाळीहून आलेल्या अख्ख्या टोळीला सकाळी स्पॅगेटी खायला घरी आणतो, तिला इस्पितळात पाठवतो, आणि ती परतायच्या दिवशी घरभर माणसं जमवून ठेवतो, मग चूक उमगल्यावर त्यांना घालवून देतो. या चित्रपटात फॉकनं स्वतःचे पैसे घातले होते. आक्षेप असा: पाहा, हा नट काय करू शकत होता, टीव्हीनं त्याला आपल्याकडून हिरावलं. या म्हणण्यावर प्रतिवाद म्हणून नेहमी सांगितलं जातं की टीव्हीचा पैसा होता म्हणून असे चित्रपट झाले. ते खरं असलं तरी जरा हिशेबी उत्तर आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. निक आणि कोलंबो ही त्याच वर्षांत, त्याच नटानं केलेली कामं एकमेकांना आतबाहेर उलटवल्यासारखी आहेत. दोघंही गोंधळलेले दिसतात, दोघंही वाक्य अर्धवट सोडतात, दोघांचे हात बोलण्याच्या आधी हलतात. निकला खरोखर काही कळत नाही आणि तो सगळं कळत असल्याचा आव आणतो. कोलंबोला सगळं कळतं आणि तो काही कळत नसल्याचा आव आणतो. गोंधळाची एवढी बारीक जाण ज्याच्या अंगात मुरली आहे तोच खोटा गोंधळ इतका खरा वाटेल असा करू शकतो. कॅसाव्हेटीसच्या पद्धतीनं, म्हणजे नटाला पुढं काय घडणार ते न सांगता चाचपडायला लावण्यानं, फॉक सुरुवातीला वैतागला होता. पण तीच चाचपड 'कोलंबो'च्या संवादांत जागोजाग दिसते. येणंजाणं माणसांचंही होतं. १९७२ च्या एका भागात कॅसाव्हेटीस स्वतः खुनी संगीतकार झाला, आणि 'हजबंड्स'मधला तिसरा मित्र बेन गॅझारा यानं दोन भाग दिग्दर्शित केले. एकीकडे कला आणि दुसरीकडे पोटापाण्याचा धंदा, अशी भिंत फॉकच्या बाबतीत उभी करता येत नाही.

उत्तरकाळाबद्दल मात्र बचाव करायची माझी इच्छा नाही. १९८९ मध्ये एबीसी वाहिनीनं 'कोलंबो' पुन्हा सुरू केली, २००३ पर्यंत २४ भाग झाले, आणि १९९० मध्ये त्याला या भूमिकेसाठी चौथा एमी पुरस्कारही मिळाला. तरी यातले बरेच भाग बघताना अवघडल्यासारखं होतं. १९८९ च्या एका भागात कोलंबो ट्यूबा हे अवाढव्य वाद्य वाजवतो; प्रसंग गमतीदार आहे, पण खुनी समोर असताना तो कशासाठी चालला आहे हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. लकबी हत्याराच्या जागेवरून शोभेच्या जागेवर गेल्या. स्वतःची नक्कल करणं हा दीर्घ भूमिकेचा खरा धोका आहे, आणि फॉक त्यातून पूर्ण सुटला नाही. पण अडकला म्हणणारे हा धोका ध्यानात घेऊन बोलत नाहीत. त्यांची तक्रार पहिल्या दिवसापासूनच्या पुनरावृत्तीबद्दल असते. माझी तक्रार जिथं पुनरावृत्तीतलं शोधणं थांबलं त्या टप्प्याबद्दल आहे. सत्तरच्या दशकातले भाग पाहिले की दोन्हींतला फरक कळतो.

उदाहरणादाखल १९७५ चा 'फरगॉटन लेडी' घ्यावा. जॅनेट ली त्यात एकेकाळची नृत्यतारका झाली आहे. पुनरागमनासाठी पैसे न देणाऱ्या नवऱ्याला ती मारते, आणि त्या रात्री घरात स्वतःचा जुना सिनेमा पाहत बसते. तो सिनेमा म्हणजे ली यांचाच १९५३ चा एक खरा चित्रपट आहे. कोलंबोला कोडं सुटतं, पण त्याबरोबर हेही कळतं की तिला मेंदूचा असाध्य आजार आहे, थोडेच दिवस उरले आहेत, आणि आपण खून केला हेच तिला आता आठवत नाही. तिचा जुना जोडीदार गुन्हा स्वतःवर घेतो. कोलंबो ते खोटं आहे हे जाणून त्याला घेऊन जातो. इथं सोंगाचा उपयोगच संपतो, कारण समोर फसवायला कोणी नाही, आणि फॉक चेहऱ्यावरचं सगळं काढून नुसता उभा राहतो. चार-पाच वर्षं आपण तो गोंधळ पाहिला नसता तर त्याचं नसणं जाणवलंच नसतं. स्वतः फॉकलाही अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला, आणि आपण कोलंबो केला होता हे त्याला आठवत नसल्याचं तेव्हा न्यायालयात सांगितलं गेलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून हळवं होण्याचा मोह होतो. पण आजाराला आशय नसतो. त्या भागातलं मोठेपण १९७५ मध्येच पूर्ण झालेलं आहे, त्याला नंतरच्या दुर्दैवाचा टेकू लागत नाही.

पात्रानं नटाला गिळलं, हे म्हणायला पुरावे हवेच असतील तर मिळतात. बुडापेस्टमध्ये २०१४ साली फॉकचा कांस्य पुतळा बसवला, तो कोटासह आणि कुत्र्यासह, म्हणजे कोलंबोचा. तो ज्या रस्त्यावर उभा आहे तो रस्ता मात्र मिक्सा फॉक या एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरियन राजकारणी पत्रकाराच्या नावाचा. पण गिळलं जाणं म्हणजे काय याचं अधिक शहाणं चित्र विम वेंडर्सनं १९८७ च्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये काढलं आहे. पश्चिम बर्लिनवर अदृश्य देवदूत फिरत आहेत, माणसांचे विचार ऐकत आहेत, आणि तिथं फॉक एका सिनेमाच्या कामासाठी आलेला नट म्हणून, स्वतः म्हणूनच, वावरतो. रस्त्यावरची पोरं त्याला पाहून कोलंबो म्हणून ओळखतात. तो फावल्या वेळात माणसांची रेखाचित्रं काढतो (खऱ्या आयुष्यातही तो बरा चित्रकार होता), एका प्रसंगात टोप्यांमागून टोप्या घालून बघतो. मग कळतं की हाही कधीकाळी देवदूत होता आणि गरम कॉफी, थंडीत हात चोळणं, असल्या साध्या गोष्टींसाठी मर्त्य झाला. वेंडर्सला या जागी असा माणूस हवा होता जो आल्याबरोबर सगळ्यांना घरचा वाटेल. पन्नास वेगवेगळी माणसं वठवणारा अष्टपैलू नट तिथं चालला नसता. अशा नटाबद्दल आदर असतो, सलगी नसते. ती सलगी टीव्हीनं घराघरांत जाऊन वर्षानुवर्षं कमावलेली होती, आणि फॉकनं ती त्या चित्रपटात अगदी हलक्या हातानं वापरली.

अडकलेला माणूस दार उघडं मिळालं की निघून जातो. १९७८ मध्ये दार उघडलं होतं, फॉककडे पैसा होता, नाव होतं, सिनेमेही मिळत होते. 'द प्रिन्सेस ब्राइड'मधला नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा त्याच काळातला. अकरा वर्षांनी तो आपण होऊन परत आला. जानेवारी २००३ मध्ये शेवटचा भाग दाखवला गेला, त्यानंतरही त्याला आणखी एक करायचा होता आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना त्यानं त्यासाठी संहिताही निवडली होती. एबीसीनं नकार दिला.